लॉग फाइल बिघडलेला एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस कसा सावरायचा

मस्जिद बंदरचा मसाल्याचा घाऊक व्यापारी असो, काळबादेवीतलं कापडाचं ऑफिस असो की लालबागची पतसंस्था, बिलिंग आणि हिशेब एका कोपऱ्यातल्या संगणकावर चालतात आणि सॉफ्टवेअरच्या पोटात अनेकदा मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असतो, तोही फुकट मिळणारा एक्सप्रेस. लाईट जाते, यूपीएस दोन मिनिटांत मान टाकतो, लाईट परत आल्यावर सॉफ्टवेअर उघडत नाही. मॅनेजमेंट स्टुडिओत, म्हणजे सर्व्हर सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये, डेटाबेसच्या नावापुढे 'सस्पेक्ट' (उघडताना रिकव्हरी फसली) किंवा 'रिकव्हरी पेंडिंग' असं लिहून आलेलं असतं.

यातून बऱ्याचदा सगळा, निदान बराचसा डेटा परत मिळतो. हातचा डेटा जातो तो मुख्यतः पहिल्या तासातल्या घाईमुळे. म्हणून आधी काय करू नये ते.

डेटाबेस डिटॅच, म्हणजे सर्व्हरपासून वेगळा, करू नका. सस्पेक्ट अवस्थेत सर्व्हर तसं करू देत नाही, पण काही जण इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त वाचण्यापुरत्या आणीबाणीच्या अवस्थेत) टाकून ते साधतात आणि मग तो पुन्हा अटॅचच होत नाही. बदलांची नोंद ठेवणारी एलडीएफ फाइल 'नुसता लॉग तर आहे' म्हणून उडवू नका. जुना बॅकअप मूळ डेटाबेसच्या डोक्यावर रिस्टोअर करू नका, वेगळ्या नावाने करा. आणि सर्व्हिस पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. दर वेळी सर्व्हिस चालू झाली की एररलॉग नावाची नवी फाइल बनते आणि ठरावीक सेटिंगमध्ये मागच्या फक्त ६ फाइली राहतात. सात-आठ वेळा रीस्टार्ट केलं की मूळ बिघाडाची नोंद असलेली फाइलच पुसली जाते आणि पुढचं निदान अंधारात करावं लागतं.

लॉगमध्ये नेमकं असतं काय

जुन्या पेढीवर व्यवहार आधी कीर्दीत उतरत, मग सवडीने खतावणीत चढत. इथेही तसंच. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे एलडीएफ फाइलमध्ये, डिस्कवर पक्का लिहिला जातो आणि मगच 'कमिट झालं' असं उत्तर जातं. मुख्य डेटा असलेल्या एमडीएफ फाइलमधली पानं नंतर, चेकपॉइंटच्या वेळी (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवताना) किंवा मेमरी मोकळी करताना, लिहिली जातात. त्यामुळे लाईट गेली त्या क्षणी एमडीएफ जवळपास कायम अर्धवट असते. काही पक्के व्यवहार तिच्यात पोचलेले नसतात, तर काही अर्धेच व्यवहार पोचलेले असतात. सर्व्हर सुरू होताना लॉग वाचून तीन टप्प्यांत हे निस्तरतो: कुठून सुरुवात करायची ते शोधणं, राहिलेले बदल पुन्हा करणं आणि अपुरे व्यवहार मागे घेणं.

लॉग बिघडला की नेमकं हे निस्तरणं थांबतं. एमडीएफमधला डेटा वाचता येतो, पण तो कोणत्या क्षणाचा, हे सांगणारं कोणी उरत नाही. शिल्लक वाढलेली दिसते आणि त्याची पावती नसते, किंवा स्टॉक कमी झालेला असतो आणि बिल सापडत नाही. पुढचे सगळे उपाय कमी नुकसानाकडून जास्त नुकसानाकडे, याच क्रमाने करायचे.

पहिला प्रश्न: डेटाबेस अजून चालू आहे का?

हे आधी बघायचं, कारण पुढची वाट इथेच फुटते. कधी कधी लोक नेहमीसारखे काम करत असतात आणि फक्त लॉगचा बॅकअप अडतो. लॉगमध्ये बिघाड आढळल्याचा संदेश येतो. अशा वेळी सर्व्हिस बंद करू नका. आत्ता डेटाबेस उघडा आहे म्हणून बिघडलेला भाग वाचायची सर्व्हरला गरज पडत नाहीये. एकदा बंद झाला आणि उघडताना तोच भाग वाचायची वेळ आली, तर डेटाबेस सस्पेक्टमध्ये जाईल.

सगळ्यांना बाहेर काढा. चालू डेटाबेसमधून महत्त्वाची टेबलं बीसीपीने (टेबल फाइलमध्ये काढणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरच्या साधनाने) दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. पूर्ण बॅकअप घेऊन बघा. त्यालाही लॉगचा थोडा भाग लागतो, त्यामुळे तो अडू शकतो. डीबीसीसी ओपनट्रान चालवून जुना उघडा व्यवहार लटकलेला नाही याची खात्री करा. मग रिकव्हरी मॉडेल (लॉग किती काळ राखायचा याची सेटिंग) 'सिंपल' करा आणि चेकपॉइंट द्या. आता बिघडलेल्या भागाची सर्व्हरला गरज उरत नाही. लॉग श्रिंक, म्हणजे लहान, करून पुन्हा हव्या त्या आकाराचा करा, मॉडेल 'फुल'वर आणा आणि लगेच पूर्ण बॅकअप घ्या, कारण लॉग बॅकअपची साखळी इथे तुटलेली असते आणि नवी साखळी या बॅकअपपासूनच सुरू होते. काही हरवत नाही. फक्त बिघाडाच्या आधीच्या आणि नंतरच्या बॅकअपमधल्या एखाद्या विशिष्ट मिनिटाला परत जाता येत नाही.

डेटाबेस बंद असेल तर: आधी प्रती

एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस थांबवा आणि एमडीएफ, एनडीएफ (डेटाच्या जादा फाइली) असल्यास त्या, आणि एलडीएफ अशा सगळ्या फाइली वेगळ्या भौतिक डिस्कवर कॉपी करा. त्याच डिस्कचं दुसरं पार्टिशन चालणार नाही. लॅमिंग्टन रोडवरून नवी एसएसडी आणायला तास गेला तरी चालेल, पण ही पायरी टाळू नका. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळवा. एररलॉगच्या सगळ्या फाइलीही सोबत घ्या.

कॉपी मध्येच अडून 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा संदेश आला, तर डिस्कचाच भाग खराब आहे. मग विंडोजमधून पुन्हा पुन्हा कॉपीचा प्रयत्न करू नका, प्रत्येक फेरीत मरणारी डिस्क आणखी झिजते. डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने आधी संपूर्ण डिस्कची सेक्टर-सेक्टर प्रत काढा आणि पुढचं काम त्या प्रतीवर करा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती बंद करून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडेच द्या.

एक प्रत कपाटात जाते, तिला कोणी हात लावायचा नाही. प्रयोग दुसऱ्या प्रतीवर, शक्यतो वेगळ्या संगणकावर, आणि तिथला एसक्यूएल सर्व्हर मूळच्याच आवृत्तीचा हवा. नव्या आवृत्तीत अटॅच झालेला डेटाबेस वर चढतो आणि पुन्हा जुन्या सर्व्हरवर उतरत नाही.

एररलॉग काय सांगतो

पहिल्या बिघडलेल्या सुरुवातीची एररलॉग फाइल उघडा आणि आकडे शोधा. ३४१४ म्हणजे रिकव्हरी सुरू झाली पण पूर्ण झाली नाही; खरं कारण त्याच्या वरच्या ओळींत असतं. ९००४ म्हणजे लॉग वाचताना चूक. ९००३ म्हणजे लॉगमधला क्रमांक जुळत नाही. एमडीएफ एका वेळची आणि एलडीएफ दुसऱ्या वेळची असली की हे हमखास येतं. ५१७३ म्हणजे फाइली एकमेकींच्या नाहीतच. ८२३ म्हणजे विंडोजलाच डिस्क वाचता आली नाही आणि ८२४ म्हणजे पान वाचलं गेलं पण आतून चुकीचं निघालं. ही दोन दिसली तर बिघाड लॉगपुरता नाही, डेटाच्या पानांपर्यंत गेलेला आहे.

'रिकव्हरी पेंडिंग' पाहून घाबरू नका. याचा अर्थ रिकव्हरीला सुरुवातच करता आली नाही, आणि त्याची कारणं बहुधा साधी असतात: डिस्क भरली, ड्राइव्हचं अक्षर बदललं, फोल्डरवर सर्व्हिसच्या खात्याला परवानगी उरली नाही, अँटिव्हायरसने फाइल धरून ठेवली. कारण दूर करा आणि ऑल्टर डेटाबेस … सेट ऑनलाइन द्या. एवढ्यावर डेटाबेस उघडला, तर चेकडीबी (डेटाबेसची रचना तपासणारा आदेश) चालवा, पूर्ण बॅकअप घ्या आणि अँटिव्हायरसमधून एमडीएफ, एनडीएफ, एलडीएफ आणि बॅकअपचं फोल्डर वगळा.

लॉग गेला, पण डेटाबेस नीट बंद झाला होता

एलडीएफ ८० जीबीची झाली, डिस्क भरली, म्हणून कोणीतरी सर्व्हिस बंद करून ती उडवली, हा प्रकार नेहमीचा आहे. (लॉग इतका फुगतो कारण मॉडेल 'फुल' असतं आणि लॉगचा बॅकअप कोणी घेतच नाही.) आधी रिसायकल बिन बघा, पण फाइल मोठी असेल तर ती तिथे न जाता थेट पुसली जाते.

सर्व्हिस शिस्तीत बंद झाली असेल तर एमडीएफ पूर्ण असते. प्रतीवर क्रिएट डेटाबेस … फॉर अटॅच_रिबिल्ड_लॉग हा आदेश द्या. नवा लॉग बनतो, डेटा जात नाही, फक्त बॅकअपची साखळी नव्याने सुरू करावी लागते. 'डेटाबेस बंद होताना उघडे व्यवहार किंवा वापरकर्ते होते, म्हणून लॉग पुन्हा बांधता येत नाही' अशा अर्थाचं उत्तर आलं, तर ही वाट बंद. लाईट जाऊन पडलेल्या सर्व्हरवर हेच उत्तर येणार हे धरून चला.

बॅकअप आहेत: साखळी जोडणं

डेटाबेसचं मॉडेल आधी बघा. एक्सप्रेसमध्ये नवा डेटाबेस 'सिंपल' मॉडेलने बनतो, म्हणजे लॉग बॅकअप घेताच येत नाहीत. तिथे शेवटचा पूर्ण बॅकअप आणि त्यावरचा शेवटचा डिफरन्शियल (पूर्ण बॅकअपनंतर बदललेल्या भागाचाच बॅकअप), इतकंच हाती असतं.

मॉडेल 'फुल' असेल तर रिस्टोअर करण्याआधी लॉगचं शेपूट, म्हणजे अजून बॅकअप न झालेला शेवटचा भाग, काढायचा प्रयत्न करा: बॅकअप लॉग … विथ नो_ट्रंकेट. हा पर्याय बिघाड आढळला तरी पुढे जायला सांगतो. मुख्य फाइल खराब आणि लॉग शाबूत असेल तर शेवटच्या कमिटपर्यंतचं सगळं यातून मिळतं. लॉगच खराब असेल तर बहुधा अडतं, पण करून बघायला काही जात नाही.

मग क्रम असा: पूर्ण बॅकअप, शेवटचा डिफरन्शियल, त्यानंतरचे लॉग बॅकअप एकामागोमाग, शेवटी शेपूट. प्रत्येक पायरीला विथ नोरिकव्हरी (अजून पुढचे बॅकअप चढायचे आहेत), आणि मूव्ह वापरून नव्या नावाच्या फाइलींत. चुकून एखाद्या मधल्या पायरीला रिकव्हरी दिलं की डेटाबेस उघडतो आणि त्यावर पुढचा लॉग चढत नाही, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. सगळ्यात शेवटी एकदाच रिस्टोअर डेटाबेस … विथ रिकव्हरी.

सुरुवात करण्याआधी प्रत्येक फाइलवर रिस्टोअर हेडरओन्ली चालवून पहिला आणि शेवटचा एलएसएन (लॉगमधला नोंद क्रमांक) कागदावर उतरवा. एका लॉग बॅकअपचा शेवटचा एलएसएन हाच पुढच्याचा पहिला असला पाहिजे. मध्ये फट असेल तर रिस्टोअर करताना ४३०५ येतो: हा लॉग फार पुढचा आहे, मधला आणा.

मधला लॉग बॅकअपच खराब निघाला तर? समजा रविवारी रात्री पूर्ण, रोज रात्री ११ वाजता डिफरन्शियल आणि सकाळी १० ते रात्री ८ दर तासाला लॉग, अशी व्यवस्था आहे. बुधवारी दुपारी ३:४० ला सर्व्हर पडला. मंगळवारी दुपारी १ चा लॉग खराब असेल तर काळजी नाही, मंगळवार रात्रीचा डिफरन्शियल त्याच्यावरून उडी मारतो. पण बुधवारी दुपारी १ चा खराब असेल, तर २ आणि ३ चे लॉग धडधाकट असूनही उपयोगाचे नाहीत. १२ वाजता थांबावं लागतं. रिस्टोअर लॉग … विथ कंटिन्यू_आफ्टर_एरर देऊन तो खराब बॅकअप रेटता येतो, पण त्यातून निघणाऱ्या डेटाची हमी कोणी देत नाही. १२ वर थांबलेला स्वच्छ डेटाबेस उघडा आणि १२ नंतरच्या नोंदी पुढे सांगितलेल्या इमर्जन्सीच्या वाटेने मूळ एमडीएफमधून वेचून आणा. या दोन्हींची सांगड हा या सगळ्यातला सर्वांत चांगला मार्ग आहे, आणि म्हणूनच मूळ फाइलींची प्रत जपायची असते.

शेवटचा पूर्ण बॅकअप खराब असेल तरी हार मानू नका. पूर्ण बॅकअपने लॉगची साखळी तुटत नाही. त्याच्या आधीच्या रविवारचा बॅकअप आणि तेव्हापासूनचे सगळे लॉग असतील, तर वेळ लागेल पण आजपर्यंत पोचता येईल.

बॅकअप नाही: इमर्जन्सी मोड

ऑल्टर डेटाबेस … सेट इमर्जन्सी. डेटाबेस फक्त वाचण्यापुरता, आणि फक्त सिसॅडमिनला (सर्व अधिकार असलेल्या खात्याला) उघडतो. लॉगकडे दुर्लक्ष करून एमडीएफ जशी आहे तशी दिसते.

फाइली आधीच डिटॅच झाल्या असतील किंवा दुसऱ्या संगणकावर नेल्या असतील तर त्या थेट अटॅच होणार नाहीत. त्याच नावाचा, तितक्याच फाइलींचा, त्याच फाइलनावांचा रिकामा डेटाबेस बनवा, सर्व्हिस थांबवा, रिकाम्या फाइलींच्या जागी आपल्या ठेवा, सर्व्हिस चालू करा. डेटाबेस सस्पेक्ट दिसेल. आता इमर्जन्सी चालतं.

इथे बरेच जण थेट रिपेअर चालवतात. तसं करू नका, आधी डेटा बाहेर काढा. सॉफ्टवेअरच्या नव्या कोऱ्या इन्स्टॉलेशनमधून किंवा जुन्या बॅकअपमधून रिकामा सांगाडा घ्या आणि एकेक टेबल त्यात भरा. आधी खातेदार, माल, दर अशी मूळ यादीची टेबलं, मग बिलं आणि त्यांच्या ओळी, मग पावत्या. मोठ्या टेबलासाठी बीसीपी नेटिव्ह स्वरूपात चालवा. एखादं टेबल मध्येच ८२४ देऊन थांबलं तर ते दोन्ही टोकांकडून खा: बिल क्रमांक चढता लावून चूक येईपर्यंतच्या ओळी घ्या, मग उतरता लावून दुसऱ्या बाजूने. मधली खराब पानं तेवढी राहतात. त्या पानांवरचे काही कॉलम एखाद्या नॉनक्लस्टर्ड इंडेक्समध्ये (टेबलाच्या पानांबाहेर वेगळ्या ठेवलेल्या सूचीत) असतील तर त्याच इंडेक्सने वाचायला लावून तेवढे तरी मिळतात. बिल क्रमांक, तारीख आणि पार्टी एवढं हाती आलं तरी बाकीचं कागदावरून भरता येतं.

हे झाल्यावरच रिपेअर, तेही प्रतीवर. सेट सिंगल_यूजर, मग डीबीसीसी चेकडीबी, रिपेअर_अलाउ_डेटा_लॉस, सोबत ऑल_एररमेसेजेस आणि नो_इन्फोमेसेजेस. इमर्जन्सी मोडमध्ये हा आदेश लॉगमधून जमेल तेवढं ओढून घेतो, लॉग नव्याने बांधतो आणि मग बिघडलेली पानं दुरुस्त करतो. 'दुरुस्त' म्हणजे बऱ्याचदा ते पान काढून टाकणं. नावातच डेटा जाण्याची परवानगी आहे, आणि इमर्जन्सी मोडमध्ये हे मागे घेता येत नाही. दहा-वीस जीबींच्या डेटाबेसला तासन्‌तास लागू शकतात. अडकलं असं वाटून मध्ये मारू नका. संपूर्ण आउटपुट फाइलमध्ये साठवा, कोणत्या टेबलाची कोणती पानं गेली ते फक्त तिथेच लिहिलेलं असतं.

शेवटी 'लॉग पुन्हा बांधला, व्यवहारांची सुसंगती गेली' असा इशारा येतो. डेटाबेसची काही सेटिंग्ज मूळ स्थितीला जातात, रिकव्हरी मॉडेल पुन्हा तपासा. डीबीसीसी चेककन्स्ट्रेंट्स चालवा, कारण रिपेअर फॉरेन की (टेबलांमधले दुवे) बघत नाही आणि बिल उडून त्याच्या ओळी मागे राहिलेल्या असू शकतात. मग मल्टी_यूजर आणि पूर्ण बॅकअप.

लोकांना आत सोडण्याआधी

चेकडीबी शून्य चुका दाखवत असला तरी त्याने फक्त पानांची रचना तपासली. हिशेब बरोबर आहे का, हे त्याला कळत नाही. ते अकाउंटंटला शेजारी बसवून बघायचं.

बिघाडाच्या आदल्या दिवसाची ट्रायल बॅलन्स छापील किंवा पीडीएफ असेल तर तिच्याशी जुळवा. मग बिघाडाच्या दिवसाच्या नोंदी बाहेरच्या साक्षीदारांकडून उभ्या करा: बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयचा सेटलमेंट रिपोर्ट, ई-वे बिलांची यादी, बिलांच्या कार्बन कॉपी, पार्टीला व्हॉट्सअॅपवर गेलेल्या पीडीएफ. उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, त्यामुळे त्यांची त्या दिवशीची बी-टू-बी बिलं पोर्टलवर आहेतच.

बिल क्रमांकाकडे खास लक्ष द्या. डेटाबेस १२ वाजताचा असेल आणि त्यात शेवटचं बिल १८४० असेल, तर सॉफ्टवेअर पुढचं बिल १८४१ काढेल. पण दुपारी १८४१ ते १८६७ बिलं माल घेऊन गेलेली आहेत. तोच क्रमांक त्याच आर्थिक वर्षात पुन्हा गेला की ई-इनव्हॉइस पोर्टल तो नाकारतं, आणि छोट्या व्यापाऱ्याकडे, जिथे पोर्टल मध्ये नाही, तिथे एकाच क्रमांकाची दोन बिलं फिरत राहतात आणि जीएसटीआर-१ भरताना उघडकीस येतात. शेवटचं छापलेलं बिल हातात घेऊन मालिका त्याच्या पुढे न्या. आयडेंटिटी कॉलम (आपोआप वाढणारा क्रमांक) असेल तर डीबीसीसी चेकआयडेंट, रीसीडसह.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

कारण शोधल्याशिवाय त्याच यंत्रावर काम सुरू करू नका. साध्या डेस्कटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीत 'राइट-कॅश बफर फ्लशिंग बंद करा' या चौकटीत खूण आहे का बघा. असेल तर काढा. ती खूण असली की लॉग डिस्कवर लिहिला गेला असं सर्व्हरला सांगितलं जातं आणि तो प्रत्यक्षात डिस्कच्या मेमरीत असतो. लाईट गेली की तेवढाच भाग गायब. अनेक डिस्का एकत्र चालवणारं रेड (RAID) कार्ड असेल तर त्याच्या कॅशची बॅटरी तपासा.

यूपीएससोबत आलेली यूएसबी केबल बहुतेक ऑफिसांत खोक्यातच पडून असते. ती सर्व्हरला जोडा आणि बॅटरी उतरल्यावर विंडोज स्वतःहून बंद होईल असं सेट करा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा अनेक भागांत ती परत यायला काही तास लागले. वीस मिनिटांच्या यूपीएसला त्यात एकच काम करता येतं, सर्व्हर शिस्तीत झोपवणं.

एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) नसतो, त्यामुळे बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडीने (कमांड लाइनवरून आदेश देणाऱ्या साधनाने) चालवा: रात्री पूर्ण, आणि 'फुल' मॉडेल असेल तर दिवसा दर तासाला लॉग. प्रत्येकाला विथ चेकसम लावा आणि महिन्यातून एकदा वेगळ्या संगणकावर खरोखर रिस्टोअर करून चेकडीबी चालवा. रिस्टोअर व्हेरिफायओन्ली (बॅकअप नुसता वाचून बघणारा आदेश) त्याची जागा घेत नाही. लॉग बॅकअप घेणं जमणारच नसेल तर मॉडेल 'सिंपल' ठेवा, निदान एलडीएफ फुगून कोणाला ती उडवायचा मोह होणार नाही.

बॅकअपची दुसरी प्रत शहराच्या दुसऱ्या भागात असू द्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. सर्व्हर कुर्ल्याच्या तळमजल्यावर असेल तर प्रत फोर्टमधल्या ऑफिसात किंवा क्लाउडवर ठेवा. प्रत असलेली डिस्क सर्व्हरला कायम जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर आलं तर तेही एकाच फेरीत दोन्ही लॉक करतं.